चौदा कॅरटच्या पाटल्या

आमच्या थोरल्या आत्याच्या हातांत दोन पाटल्या आहेत. रंगाने किंचित तांबूस. समईच्या उजेडात धरल्या की बाकीच्या दागिन्यांत उपऱ्या वाटतात. भाऊबीजेला ती माहेरी येते, ओवाळणीच्या तबकाभोवती घरातल्या सगळ्या बायकांचे हात जमतात, आणि दर वर्षी एखादी नवी सून किंवा नात विचारतेच, "आत्या, या अशा का हो?" आत्याचे उत्तर ठरलेले आहे. "अगं, या सरकारी पाटल्या आहेत!"

तिचे लग्न १९६३ च्या वैशाखातले. त्याच वर्षी जानेवारीत भारत सरकारने सोने-नियंत्रण आणले आणि चौदा कॅरटहून अधिक शुद्ध सोन्याचा नवा दागिना घडवायला मनाई केली. चौदा कॅरट म्हणजे शंभर भागांत जेमतेम अठ्ठावन्न भाग सोने. बावीस कॅरटमध्ये तेच ब्याण्णवाच्या घरात जाते. चीनशी युद्ध होऊन दोन महिने झाले होते, परकीय चलनाची चणचण होती, सोने चोरट्या वाटेने देशात येत होते. लोकांचा सोन्याचा सोस कमी झाला तर ही गळती थांबेल, असा अर्थमंत्री मोरारजी देसाई यांचा हिशेब होता. कागदावर तो चुकीचा नव्हता. पण लग्नघरी कागदाचे कोण ऐकतो? सोनाराचा हात मऊ सोन्याला सरावलेला. हे कठीण सोने नक्षीला दाद देईना. देशभरात हजारो सोनार धंद्याला मुकले. आणि आमच्या आजीला मरेपर्यंत एकच रुखरुख राहिली, की पोरीला आपण हिणकस सोने घालून पाठवली.

एका कादंबरीसाठी या पाटल्यांचा माग काढत मी जुनी पुस्तके चाळू लागलो. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. अर्थशास्त्र माझ्या वाटेला कधी आले नाही. तेव्हा शोधायला गेलो सोने, आणि सापडला एक उमेदवार. ज्या मे महिन्यात आमच्या दारी मांडव पडला होता, त्याच महिन्यात तिकडे सौराष्ट्रात, राजकोट मतदारसंघात, लोकसभेची पोटनिवडणूक होत होती. तिथे तारा या निशाणीवर मुंबईचा एक पारशी बॅरिस्टर उभा होता आणि त्याचा पक्ष म्हणत होता, की नागरिकाचे सोने, शेत, शिल्लक आणि जबान या गोष्टींत सरकारने हात घालू नये. त्याचे नाव मिनू मसानी.

मसानींचे नाव आज फारसे कोणी काढत नाही. म्हणून त्यांची पूर्वपीठिका थोडी सांगतो. त्यांचा जन्म १९०५ सालचा, मुंबईचा. वडील सर रुस्तम मसानी मुंबई पालिकेचे आयुक्त होते, पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. मुलगा लंडनला जाऊन बॅरिस्टर झाला आणि परत येऊन सत्याग्रहात पडला. नाशिकच्या तुरुंगात जयप्रकाश नारायण, अच्युतराव पटवर्धन, अशोक मेहता अशी मंडळी त्यांना भेटली, आणि त्या भिंतींआड झालेल्या चर्चांतून १९३४ साली काँग्रेस समाजवादी पक्ष निघाला. म्हणजे ज्याला पुढे लोक भांडवलदारांचा वकील म्हणून हिणवू लागले, तो गृहस्थ या देशातल्या समाजवादी चळवळीच्या संस्थापकांपैकी एक होता. रशिया त्यांनी स्वतः जाऊन पाहिला होता. पण स्टॅलिनने आपल्याच सहकाऱ्यांवर चालवलेले खटले, आणि इकडे कम्युनिस्टांनी समाजवादी पक्ष आतून पोखरण्याचा चालवलेला उद्योग, या दोन गोष्टींनी त्यांचे डोळे उघडले. १९३९ मध्ये ते पक्षातून बाहेर पडले. पुढे टाटांकडे नोकरी धरली, १९४३ साली मुंबईचे महापौर झाले, आणि दुसऱ्याच वर्षी समाजवादाचा फेरविचार करणारी पुस्तिका त्यांनी लिहिली. मत बदलणारे राजकारणी आपण पुष्कळ पाहतो. पण मत बदलल्याचे कारण छापून प्रसिद्ध करणारा, आणि तेही सगळा देश समाजवादाकडे निघालेला असताना, असा माणूस विरळा.

आता जमिनीकडे येतो, कारण खरी लढाई तिथे होती. १९५९ च्या जानेवारीत नागपुरास काँग्रेसचे अधिवेशन भरले. तिथे ठराव झाला, की यापुढे शेतीचा घाट सामुदायिक सहकारी शेतीचा राहील. जमिनी एकत्र करायच्या, मालकीहक्क कागदावर ज्याचा त्याचा, कसायचे सगळ्यांनी मिळून, आणि उत्पन्नात जमिनीच्या प्रमाणात वाटा. सुरुवात सेवा सोसायट्यांपासून व्हायची होती, सक्ती कोणावर नव्हती. तरी दिशा स्पष्ट होती. काँग्रेसमध्येच चौधरी चरणसिंग यांनी ठरावाला विरोध केला. प्रा. रंगा पक्ष सोडून बाहेर पडले. आणि ४ जून १९५९ रोजी मद्रासेत, वयाची ऐंशी वर्षे ओलांडलेल्या राजाजींच्या आशीर्वादाने, स्वतंत्र पक्षाची घोषणा झाली. रंगा अध्यक्ष, मसानी सरचिटणीस. त्यांच्या मूलतत्त्वांत एक कलम मोठे गमतीचे होते: या तत्त्वांबाहेरच्या कोणत्याही प्रश्नावर पक्षाच्या सभासदाला वाटेल ते मत बाळगण्याची मोकळीक. असा पक्ष चालणार कसा, हे मला कळत नाही. पण काढणाऱ्यांच्या मनाचा आरसा म्हणून ते कलम वाचण्यासारखे आहे.

मसानींचे म्हणणे थोडक्यात असे. बांध मोडला की शेतकरी मजूर होतो. सातबाऱ्यावर नाव राहिले तरी कधी पेरायचे, काय पेरायचे हे दुसरा कोणी ठरवणार असेल, तर त्या नावाला अर्थ काय? शेतकऱ्यांनी आपखुशीने बी-बियाण्यासाठी, कर्जासाठी, विक्रीसाठी सहकार करावा. त्याला ते ना म्हणत नव्हते. पण रशियातली सामुदायिक शेती कशी सुरू झाली आणि कुठे जाऊन पोहोचली, हे त्यांनी अभ्यासले होते.

इथे मला माझ्या आजोबांची आठवण येते. आत्याने सांगितलेली. आमची साडेतीन एकर जमीन आमच्या घराण्याची नव्हे. आजोबा कूळ म्हणून ती कसत होते. मुंबई राज्याच्या कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि कसणाराला मालक मानण्यात आले. पन्नाशीला टेकलेल्या माणसाच्या नावावर आयुष्यात पहिल्यांदा जमीन चढली. दोनच वर्षे झाली असतील नसतील, तो चावडीवर बातमी आली, की आता सगळ्यांच्या जमिनी एकत्र होणार. आत्या सांगते, दुसऱ्या दिवसापासून आजोबा पहाटे कंदील घेऊन बांधावरून फिरून येऊ लागले. बांध जागेवर आहे की नाही, ते बघायला! मसानींचे अख्खे तत्त्वज्ञान त्या कंदिलात होते, असे मला वाटते. मात्र आजोबांनी स्वतंत्र पक्षाला मत कधी दिले नाही. मरेपर्यंत काँग्रेसलाच दिले. जमीन ज्यांनी दिली त्यांना मत, इतका साधा व्यवहार होता तो.

राजकोटला हीच गोष्ट उलट्या बाजूने दिसते. सौराष्ट्र हे वेगळे राज्य असताना तिथले मुख्यमंत्री उ. न. ढेबर होते. त्यांच्या कारकीर्दीत १९५१ च्या जमीनसुधारणा कायद्याने गिरासदारांची सत्ता संपली आणि कुळे मालक झाली. हेच ढेबरभाई पुढे काँग्रेसचे अध्यक्ष झाले, नागपूरचे अधिवेशन त्यांच्याच अध्यक्षतेखाली भरले, आणि १९६२ साली ते राजकोटमधून लोकसभेवर गेले. त्यांनी रिकाम्या केलेल्या जागेसाठी १९६३ ची पोटनिवडणूक होती. काँग्रेसचा हा असा बालेकिल्ला मसानींनी, एका बाहेरच्या माणसाने, जिंकला. कारणे अनेक असतील. चीनपुढे झालेल्या नामुष्कीचा राग होता. सोन्याचा होता. सक्तीच्या बचतीची योजना येऊ घातली होती, तीत शेतसारा भरणाऱ्यालाही पैसे ठेवावे लागणार होते. पण माझा आपला एक तर्क आहे. ज्याला ढेबरांच्या कायद्याने जमीन मिळाली, त्यालाच नागपूरच्या ठरावाची धास्ती सर्वांत जास्त वाटली असणार. पिढ्यान्‌पिढ्या मालक असलेल्याला बांधाची किंमत तितकी कळत नाही.

त्याच सुमारास आचार्य कृपलानी अमरोह्यातून आणि डॉ. लोहिया फर्रुखाबादेतून निवडून आले. तिघे तीन मतांचे. लोहिया तर समाजवादीच. नाशिकच्या कल्पनेतून निघालेल्या पक्षात ते आणि मसानी एकेकाळी बरोबर होते. ऑगस्टमध्ये कृपलानींनी नेहरूंच्या मंत्रिमंडळावर स्वतंत्र भारतातला पहिला अविश्वासाचा ठराव आणला. तो ६२ विरुद्ध ३४७ मतांनी पडला. पण सरकारला उत्तरे द्यावी लागली.

परराष्ट्र धोरणावर मसानींची मते त्या काळी पचण्यासारखी नव्हती. अलिप्ततेने चीन थांबत नाही, तेव्हा संरक्षणासाठी लोकशाही राष्ट्रांशी उघड मैत्री करावी, पाकिस्तानशीही समेट करावा, असे ते म्हणत. उद्योगांच्या बाबतीत राजाजींनी 'परमिट-लायसन्स राज' हा शब्द रूढ केला आणि मसानींनी लोकसभेत त्याची बाजू आकड्यांनिशी मांडली. सरकारने लायसन्स वाटायचे, कारखानदाराने त्यासाठी दिल्लीच्या पायऱ्या झिजवायच्या, आणि लायसन्स मिळाले की स्पर्धेची भीती नाही म्हणून गिऱ्हाईकाला वाटेल तसा माल द्यायचा. मोठ्या कारखानदारांना ही व्यवस्था मनातून आवडत असे, हे त्यांचे निरीक्षण मला फार मोलाचे वाटते. त्यांना भांडवलदारांचा वकील म्हणणाऱ्यांनी एवढे तरी लक्षात घ्यायला हवे होते.

आता त्यांच्या बाजूचे जे मला पटत नाही तेही सांगितले पाहिजे. नागरिकाच्या स्वातंत्र्याची भाषा करणाऱ्या या पक्षाला मते कोणाच्या जोरावर मिळाली? बिहारात रामगढच्या राजाच्या, ओरिसात जुन्या संस्थानिकांच्या गणतंत्र परिषदेच्या, राजस्थानात जयपूरच्या महाराणी गायत्रीदेवींच्या. १९६२ मध्ये लोकसभेत अठरा जागा आल्या, १९६७ मध्ये चव्वेचाळीस, आणि तो विरोधातला सर्वांत मोठा पक्ष ठरला. पण त्या जागांखाली गाद्या आणि लोड किती होते! शिवाय जमिनीच्या कमाल मर्यादेलाही त्यांचा विरोध. ज्याच्याकडे बांधच नाही त्या भूमिहीनाने कंदील घेऊन कुठे फिरायचे, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मला त्यांच्या लिखाणात सापडले नाही. कूळकायदा झाला नसता तर माझे आजोबा त्याच भूमिहीनांत मोडले असते, म्हणून मला हा प्रश्न टाळता येत नाही.

महाराष्ट्रात हा पक्ष का रुजला नाही, याचे अर्धे उत्तर इथेच आहे. उरलेले अर्धे प्रवरानगरला. विठ्ठलराव विखे पाटलांनी आणि धनंजयराव गाडगिळांनी उभा केलेला सहकारी साखर कारखाना लोकांनी डोळ्यांनी पाहिला होता. इथे 'सहकार' म्हटले की शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढे चिमणीचा धूर आणि उसाचे पैसे येत. मोडलेला बांध येत नसे. मसानी ज्या शब्दाविरुद्ध सावध करीत होते, त्या शब्दाचा अर्थच आमच्याकडे वेगळा होता.

१९६७ नंतर मसानी लोकसभेच्या लोकलेखा समितीचे अध्यक्ष झाले. विरोधी पक्षाच्या माणसाला हे पद देण्याची प्रथा त्यांच्यापासून पडली. १९६९ च्या जुलैत चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, त्याला स्वतंत्र पक्षाने विरोध केला. संस्थानिकांचे तनखे बंद करायलाही केला. सरदार पटेलांनी दिलेला शब्द सरकारने मोडू नये, हे कारण. तत्त्व म्हणून बिनचूक, पण गरिबी हटवण्याची घोषणा गल्लोगल्ली घुमत असताना संस्थानिकांची बाजू घेणाऱ्याचे काय होणार? १९७१ मध्ये पक्षाच्या आठ जागा उरल्या. राजकोटही गेले. मसानींनी पक्षाचे अध्यक्षपद सोडले, आणि १९७४ मध्ये पक्ष भारतीय लोकदलात विरून गेला.

निवडणुकीचे राजकारण संपले, तरी माणूस संपला नव्हता. 'फ्रीडम फर्स्ट' नावाचे एक छोटेसे मासिक ते चालवीत. आणीबाणीत सेन्सॉरने त्यातला काही मजकूर अडवला, तेव्हा सत्तरीचे मसानी मुंबई उच्च न्यायालयात गेले. मोठमोठी दैनिके मुकाट्याने कात्री सोसत होती ते दिवस. फेब्रुवारी १९७६ मध्ये न्यायालयाने निकाल दिला, की सरकारवर टीका करणे हा आणीबाणीतही गुन्हा नव्हे आणि सगळ्या वृत्तपत्रांना एकाच सुरात बोलायला लावणे हे सेन्सॉरचे काम नव्हे. शेताचे स्वातंत्र्य ही धनिकांची चैन आहे असे ज्यांनी पूर्वी मसानींना सुनावले होते, त्यांतले कितीतरी जण तेव्हा तुरुंगात होते. जयप्रकाशांनाही आधी पकडून नेले होते, आणि मुत्रपिंडे निकामी झाल्यावर सोडले होते. नाशिकच्या तुरुंगातले हे दोन तरुण मध्ये तीस-पस्तीस वर्षे निरनिराळ्या वाटांनी चालले, आणि म्हातारपणी पुन्हा एकाच बाजूला आले.

त्याच वर्षी घटनेच्या उद्देशिकेत 'समाजवादी' हा शब्द घालण्यात आला. १९८९ पासून तर नोंदणी मागणाऱ्या प्रत्येक राजकीय पक्षाला समाजवादाशी निष्ठा लिहून द्यावी लागते. म्हणजे स्वतंत्र पक्ष आज पुन्हा काढायचा म्हटले, तर पहिली सही खोट्या शपथेवर करावी लागेल! मसानी १९९८ साली गेले, तोवर लायसन्सांचे राज्य बरेचसे मोडून झाले होते. मोडले ते काँग्रेसच्याच सरकारने, १९९१ साली, तिजोरी रिकामी झाल्यावर.

गेल्या भाऊबीजेला हे सगळे मी आत्याला सांगितले. ती लाडू वळत होती. ऐकून घेऊन तिने विचारले, "मग तो तुझा मसानी निवडून आला का?"

"आला की."

"आणि पाटल्या?"

चौदा कॅरटची अट १९६६ साली उठली, सोने-नियंत्रणाचा कायदा १९९० साली रद्द झाला. तिच्या सुनेने दोन-तीनदा सुचवलेही, की त्या मोडून बावीस कॅरटच्या करू. आत्याने दिल्या नाहीत. हाताला तूप लागले होते म्हणून तिने त्या मनगटावर वर सारल्या आणि पुढचा लाडू वळायला घेतला.