बडोद्याची जुनी घरे : लहान खोली मोकळी कशी करावी?

बडोदा : दांडिया बाजार, रावपुरा, मांडवी परिसरातली जुनी घरे समोरून अरुंद आणि आत खोल असतात. बाजूच्या भिंती शेजाऱ्याला लागून, म्हणून मधल्या खोलीला उजेड-वारा मिळतो तो चौकातूनच.

चौक : पावसाचा त्रास नको म्हणून बरेच जण चौकावर पत्रा ठोकतात आणि मधली खोली दिवसाही अंधारी होते. त्यापेक्षा पारदर्शक पत्रा थोडा उंच बसवून बाजूंना जाळी ठेवावी. गरम हवा वरून निघून जाते.

वाटणी : राष्ट्रीय इमारत संहितेनुसार राहण्याची खोली एकच असेल तर ती किमान ९.५ चौरस मीटर (सुमारे १०२ चौ. फूट) आणि २.४ मीटर रुंद हवी. भावाभावांत मधे भिंत घालण्याआधी टेप लावून मोजा.

रंग आणि आरसा : भिंत व छत एकाच फिक्या रंगात ठेवा. आरसा खिडकीसमोर लावा; पसाऱ्यासमोर लावला तर पसाराच दुप्पट दिसतो.

सामान : पायांवर उभे कपाट आणि पलंग घ्या. खालची फरशी दिसली की खोली मोठी वाटते. रोज न लागणारी भांडी माळ्यावर टाका. झोपाळा कड्यांवरून काढता येत असेल तर रात्री तिथेच अंथरूण पडते.

सावधान : जागा वाढवायला जुनी भिंत किंवा लाकडी खांब इंजिनिअरला न दाखवता काढू नका. त्यावर वरचा मजलाच नव्हे, शेजारचे घरही टेकलेले असू शकते.