कफाचा दाटपणा : श्वसनमार्गातील श्लेष्म्याच्या प्रवाहगुणांच्या मापनाचा इतिहास

प्रस्तावना :
श्वसनाच्या जुनाट विकारात रुग्णाची तक्रार बहुधा एकाच वाक्यात येते : कफ सुटत नाही. नंदुरबार जिल्ह्यातील ब्राह्मणपुरी (ता. शहादा) असो वा लंडन, या तक्रारीचा आशय प्रवाहाशी निगडित आहे. जो पदार्थ वाहावयास हवा तो वाहत नाही. चरकसंहितेने कफाच्या गुणांत 'पिच्छिल' हा गुण सांगितला आहे. दोषरूप कफ आणि खोकल्यातून पडणारा बेडका यांना एकच मानणे शास्त्रशुद्ध ठरणार नाही; तथापि ताणला असता तार धरणारा चिकटपणा हा निराळा गुण आहे, ही जाण त्या शब्दात निश्चित आहे. आधुनिक मापनशास्त्रास या गुणापर्यंत पोहोचण्यास बराच काळ लागला. त्या विलंबाचे परिणाम रुग्णांना कसे भोगावे लागले, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

अडुळशापासून ब्रोम्हेक्सिनपर्यंत :
गुरे तोंड लावत नाहीत म्हणून कुंपणाला लावला जाणारा अडुळसा हे कफावरील परिचित घरगुती औषध होय. डेव्हिड हूपर यांनी १८८८ मध्ये त्याच्या पानांतून व्हॅसिसीन हे अल्कलॉइड वेगळे केले. त्याच्या रचनेवरून जर्मनीत ब्रोम्हेक्सिन हे संश्लेषित औषध तयार झाले आणि १९६३ मध्ये ते बाजारात आले. कफ पातळ करणे म्हणजे रुग्णाला आराम देणे, हे गृहीतक या काळात जवळजवळ निर्विवाद होते.

मापनाची अडचण :
प्रवाही पदार्थांच्या वर्तनाचे शास्त्र, म्हणजे ऱ्हिऑलॉजी, अमेरिकेत १९२९ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेमुळे स्वतंत्र विद्याशाखा म्हणून स्थिरावले. मात्र तेल वा मध यांची श्यानता (वाहण्यास होणारा अंतर्गत विरोध) मोजणारी उपकरणे बेडक्यासमोर निष्प्रभ ठरत. बेडका ढवळला की पातळ होतो, ठेवला की बदलतो, त्यात लाळ मिसळलेली असते आणि एकाच नमुन्याचे दोन भाग सारखे नसतात. शिवाय तो केवळ वाहत नाही, रबराप्रमाणे काही अंशी मागेही खेचला जातो. श्यानतेचा एकच आकडा ही दुसरी बाजू सांगतच नाही. लंडनमध्ये लिन रीड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात प्रथम बेडक्याची श्यानता व पुढे अत्यल्प बलाखाली त्याची स्थितिस्थापकता मोजली. १९७७ मध्ये माल्कम किंग व पीटर मॅकलेम यांनी आणखी सूक्ष्म युक्ती प्रसिद्ध केली. श्लेष्म्याच्या काही मायक्रोलिटर थेंबात लोहाची बारीक गोळी ठेवावयाची, चुंबकीय क्षेत्राने ती हलवावयाची आणि तिच्या हालचालीवरून दोन्ही गुण काढावयाचे. यामुळे निरोगी श्वसनमार्गातील अत्यल्प श्लेष्माही मोजता येऊ लागला.

अशा अभ्यासांतून निघालेला अर्थ महत्त्वाचा होता. श्वासनलिकेतील सूक्ष्म केसल श्लेष्म्याला वर ढकलतात, त्यासाठी त्याला काही ताण धरावाच लागतो. तो फार घट्ट झाला तर केसल अडतात, आणि फार पातळ झाला तर त्यांची पकड सुटते. म्हणजे 'जितका पातळ तितका बरा' हे सूत्र मुळातच अपुरे होते.

१९९८ चा धडा :
सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारात मृत पांढऱ्या पेशींच्या डीएनएमुळे बेडका अतिशय घट्ट होतो. तो डीएनए तोडणारे डीएनेज हे विकर १९९० मध्ये पुनर्संयोजित स्वरूपात बेडक्यावर तपासले गेले, आणि घट्ट नमुना काही वेळात ओतता येण्याजोगा झाला. १९९३ मध्ये अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. या रुग्णांना त्याचा लाभही झाला. साहजिकच इतर कारणांनी श्वासनलिका रुंदावलेल्या, म्हणजे ब्रॉन्किएक्टेसिसच्या रुग्णांवर ते वापरून पाहण्यात आले. ३४९ रुग्णांच्या, २४ आठवडे चाललेल्या चाचणीचा निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. औषध घेणाऱ्यांत आजार बळावण्याचे प्रसंग अधिक आढळले आणि फुप्फुसाची क्षमता अधिक घटली. परीक्षानळीत पातळ होणे आणि छातीतून बाहेर पडणे या दोन निराळ्या घटना आहेत, याचा याहून स्पष्ट पुरावा क्वचितच मिळेल. युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांनी २०१७ मध्ये अशा रुग्णांना हे औषध देऊ नये असे सांगितले.

हा प्रश्न भारतास दूरचा नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २१९५ भारतीय रुग्णांच्या ब्रॉन्किएक्टेसिस नोंदणीत ३५.५ टक्के रुग्णांत पूर्वीचा क्षयरोग हे कारण आढळले. युरोपातील रुग्णांत हे प्रमाण बरेच कमी आहे. पुण्यातील डॉ. संदीप साळवी व पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये धूम्रपान न करणाऱ्यांच्या फुप्फुसविकाराची मांडणी केली, आणि तीत चुलीचा धूर हे ठळक कारण होते. खानदेशात पऱ्हाट्या व गोवऱ्यांवर स्वयंपाक करीत आलेल्या स्त्रीचा बेडका आणि सिस्टिक फायब्रोसिसच्या युरोपीय मुलाचा बेडका हे एकाच रोगाचे पदार्थ नव्हेत. एकावर मोजलेला गुण दुसऱ्यावर लागू करण्यापूर्वी दुसऱ्याचेही मापन व्हावयास हवे, आणि ते बेडका पडल्यापासून थोड्या वेळातच, लाळ वेगळी करून व्हावे लागते.