काजळीचें माप

लंडनच्या धुराविरुद्ध जॉन एव्हलिन यानें 1661 सालीं पुस्तिका लिहिली, तेव्हां धूर मोजण्यास त्याच्यापाशीं नाक आणि डोळे एवढींच साधनें होतीं. पुढें 1912 सालीं त्याच शहरांत हवेच्या मलिनतेचा शोध घेणारी समिति स्थापन झाली. तिचे चिटणीस डॉ. ओवेन्स यांनीं काढलेली युक्ति फारच साधी होती. पांढऱ्या गाळणकागदांतून ठराविक हवा ओढावयाची, आणि कागदावर पडलेला डाग क्रमवार छटांच्या पट्टीशीं ताडून पाहावयाचा.

परंतु हा कागद फिरला तो शहराच्या हवेंत. धूर म्हणजे धुराड्याचा, ही समजूत इतकी दृढ होती कीं, चुलीपुढें बसणाऱ्या स्त्रीच्या तोंडाशीं कागद धरावा हें शास्त्रज्ञांस फार काळ सुचलें नाहीं. आमच्या स्वयंपाकघरांतील भिंती, आढीं, शिंकीं ह्या डागाची नोंद पिढ्यान्‌पिढ्या ठेवीतच होतीं. ती वाचावयास मात्र कोणी आलें नाहीं.

कर्क स्मिथ, अगरवाल व दवे या त्रयीनें गुजराथेंतील चार खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावरच लहान पंप व गाळण्या अडकविल्या. 1983 सालीं प्रसिद्ध झालेलें त्यांचें माप असें: रांधतेवेळीं एका घनमीटर हवेंत सरासरी सुमारें 7 मिलिग्राम कण! पण अशीं साधनें महाग. घरोघर नेणार कशीं? आणि एकीची चूल ओसरीवर, तर दुसरीची बिनखिडकीच्या खोलींत. तेव्हां दोनचार घरांवरून गांवाचा अंदाज बांधणें धोक्याचें.

वाट निघाली ती पुन्हां डागाकडेच. ‘सूर्य’ प्रकल्पाच्या मंडळींनीं उत्तर प्रदेशांतील खेड्यांत वापरलेली व 2011 सालीं प्रसिद्ध केलेली रीत अशी: छोट्या पंपानें गाळणकागदावर काजळी धरावयाची, शेजारीं छटांची पट्टी ठेवून मोबाईलनें छायाचित्र काढावयाचें, व तें दूरच्या संगणकाकडे पाठवावयाचें. चित्रांतील लाल रंगाच्या अंशावरून काजळीचा अंदाज निघतो. ओवेन्स यांच्या डोळ्याची जागा मोबाईलनें घेतली, इतकेंच. ‘निर्धूर’ म्हणून वाटलेल्या चुलींचे अहवाल आम्हीं पुष्कळ वाचले आहेत. असा कागद महिनाभर त्या घरांत टांगल्यावांचून त्यांवर विश्वास ठेवण्यास आम्ही तयार नाहीं.

अर्थात् कागद पुरता काळा झाल्यावर आणखी कितीही काजळी बसो, छटा बदलत नाहीं; तो वेळींच बदलावा लागतो. शिवाय ओल्या गोवऱ्यांचा पांढुरका धूर डोळ्यांस झोंबतो, खोकल्यानें बेजार करतो, आणि कागदावर मात्र फिकाच उमटतो. तेथें तराजूच हवा.