फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप मराठीत कसं करायचं? ओटीपी कुणाला देऊ नका

गेल्या आठवड्यात शेजारचे काका फोन घेऊन बांधावर आले. नातवाने खेळता खेळता फेसबुकची भाषा बदलली होती, पडद्यावर सगळी तमिळ अक्षरं. गावातल्या एका दुकानदाराने दुरुस्तीचे १०० रुपये आणि वर पासवर्डही मागितला. काका तसेच परत आले, ते बरं झालं. हे काम दोन मिनिटांचं आहे आणि त्याला पासवर्ड किंवा ओटीपी लागत नाही.

फेसबुकसाठी

१. फेसबुक उघडा. तीन आडव्या रेघांवर (काही फोनवर तिथे आपला फोटो दिसतो) बोट ठेवा.
२. खाली सरकत जा, 'सेटिंग्ज अँड प्रायव्हसी' आणि मग 'सेटिंग्ज' उघडा.
३. 'लँग्वेज' लिहिलेल्या ओळीवर जा आणि यादीतून मराठी निवडा.

आवृत्तीनुसार नावं थोडी पुढे-मागे असतात, वाट हीच.

व्हॉट्सअ‍ॅपसाठी (अँड्रॉइड फोन)

१. वर उजवीकडच्या तीन उभ्या ठिपक्यांवर बोट ठेवा, 'सेटिंग्ज' उघडा.
२. पृथ्वीच्या गोलाचं चित्र असलेली 'अ‍ॅप लँग्वेज' ही ओळ शोधा.
३. मराठी निवडा.

भलतीच भाषा आली तर?

घाबरू नका. अक्षरं बदलली तरी चित्रं बदलत नाहीत. दातेरी चाक म्हणजे सेटिंग्ज, पृथ्वीचा गोल म्हणजे बहुतेक ठिकाणी भाषा. अडलं तर घरातल्या दुसऱ्याचा फोन शेजारी ठेवा आणि कितव्या ओळीवर काय आहे ते बघत जा. शिवाय यादीत प्रत्येक भाषेचं नाव तिच्याच लिपीत असतं, म्हणून 'मराठी' हा शब्द लगेच सापडतो. हिंदी आणि नेपाळीही देवनागरीतच असतात, तेवढं नीट वाचून निवडा.

अ‍ॅप काढून परत टाकायची घाई करू नका. फेसबुकला पुन्हा पासवर्ड लागेल आणि बॅकअप नसेल तर व्हॉट्सअ‍ॅपचे जुने मेसेज जातील.

काय बदलतं, काय नाही

बटणं आणि सूचना मराठीत येतात. लोकांच्या पोस्ट, नावं आणि मेसेज आहेत तसेच राहतात. तुम्ही भाषा बदलली हे दुसऱ्याला दिसत नाही. मराठीत टाईप करायचं असेल तर कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी वेगळी जोडावी लागते.

मराठी का हवी?

नुसत्या हौसेसाठी नाही. दुसऱ्या फोनवरून कुणी तुमच्या खात्यात शिरलं तर फेसबुक विचारतं, 'हे तुम्हीच होतात का?' इंग्रजी सूचना न वाचता आपण 'हो' दाबून मोकळे होतो आणि चोराला दार उघडं मिळतं. फोटो टाकताना तो फक्त मित्रांना दिसणार की सगळ्या जगाला, हेही तिथेच लिहिलेलं असतं. आपल्या भाषेत असलं की माणूस वाचतो.

भाषा बदलून देतो म्हणून कुणी ओटीपी मागितला तर तो माणूस भाषा बदलायला आलेला नाही हे ओळखा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाईनवर फोन करा.

आज संध्याकाळी घरातल्या म्हाताऱ्या माणसांचा फोन हातात घ्या आणि एवढं करून द्या.