शहरांतील परस

डोलवी हें पेण तालुक्यांतील गांव. जवळच धरमतरची खाडी व खारेपाटाची भातशेती आहे, आणि गांवालगत पोलादाचा प्रचंड कारखाना. कारखान्यामागून शहरी वस्ती येते आणि तिच्याबरोबर बागेची शहरी कल्पनाही येते. पुढें हिरवळीचा चौकोन, कडेनें ओळीनें मांडलेल्या कुंड्या, ही झाली बाग. रानासारखी वाढणारी घरगुती बाग ही पाश्चात्त्यांची नवी टूम आहे, असाही समज आढळतो. इतिहास मात्र निराळी साक्ष देतो.

रामचंद्रपंत अमात्यांच्या १७१५ च्या ‘आज्ञापत्रां’त दुर्गांच्या व्यवस्थेचा विचार आहे. तेथें असलेलीं झाडें राखावीं. शिवाय वड, पिंपळ, फणस, चिंच असे थोर वृक्ष, लिंबू-नारिंगासारखीं लहान झाडें, फुलझाडें व वेलीही लावाव्या, असें ते सांगतात. झाड उपयोगी असो वा निरुपयोगी, तें वाढवावें. प्रसंगीं लांकूड तरी होईल. केर गडाखालीं न टाकतां जागच्या जागीं जाळावा, त्याची राख परसांत घालावी आणि घरोघर भाजीपाला करावा, हीही आज्ञा तेथेंच आहे. इंग्लंडांत विल्यम रॉबिन्सन ह्यानें ऋतूगणिक उपटून लावल्या जाणाऱ्या आंखीव ताटव्यांविरुद्ध ‘दि वाइल्ड गार्डन’ हा ग्रंथ लिहिला, तो १८७० सालीं!

आमचें परस शोभेसाठीं आंखलेलें नव्हतें, तरी त्यांत व्यवस्था होती. वर नारळ, त्याखालीं पोफळ व तिच्यावर चढलेला मिरवेल, खालीं केळ, आणि सावलींत हळद. न्हाणीचें पाणी केळींस व अळवास जाई. गळलेला पाला मुळाशींच कुजे. त्यामुळें पाणी व खत हीं दोन्ही घरचींच होत.

हिरवळीच्या चौकोनास मात्र उन्हाळाभर पाणी पाजावें लागतें. जेथें पावसाळ्याचे चार महिने धो धो पाऊस पडतो आणि पुढें विहिरी आटतात, तेथें हा थाट परवडणारा नाहीं.

शहरांतील दहा हात जागेंत नारळ-फणस मावणार नाहींत, हें खरें. परंतु एखादा कढीलिंब, एक केळ, जास्वंद, खालीं हळद आणि अळूं एवढें सहज मावतें. केर जाळण्याची आज्ञा मात्र आज पाळूं नये. पाला कुजवावा, धुरापेक्षां खत बरें. पानें खालीं पडलेलीं दिसली कीं झाडू घेऊन धांवण्याची संवय तेवढी सोडली पाहिजे. ती सुटेल त्या दिवशीं शहरांतल्या घरामागेंही परस पुन्हां उभें राहील.