श्रोत्यांचे नारायणराव

लोकप्रियता निराळी आणि जिव्हाळा निराळा. नारायणराव राजहंस ऊर्फ बालगंधर्व यांस दोन्ही लाभलीं. १२ मार्च १९११ रोजीं मुंबईस 'मानापमान' नाटकाचा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशीं त्यांची तान्ही मुलगी निवर्तली. तरी रसिकांचा विरस होऊं नये, म्हणून ते भामिनीच्या वेषांत रंगभूमीवर उभे राहिले आणि गाइले. प्रेक्षकांस ते 'मायबाप' म्हणत. हा शब्द त्यांनीं असा खरा केला. घरोघरच्या स्त्रियांनीं त्यांचें नेसणें उचललें, पुरुषांनीं त्यांचीं पदें. पुढें १९१३ सालीं निघालेली गंधर्व नाटक मंडळी कर्जांत बुडाली, बोलपट आले, आवाजही थकला; परंतु ऐकणारे येतच राहिले. आठवणींतला सूर ते स्वतःच भरून घेत. १९६७ सालीं नारायणराव निवर्तले, तेव्हां अनेक घरांस आपलेंच माणूस गेल्याचें दुःख झालें.