चाक थोडं मोठं

इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात चाकाच्या वाट्याला जेमतेम दोन ओळी येतात. चाकाचा शोध लागला, माणसाची प्रगती झाली, पुढचा धडा! मुलं पाठ करतात, पेपरात लिहितात, दोन गुण मिळतात. पण चाक केवढं असावं, हा प्रश्न कुणी विचारत नाही. आणि आमच्या विंचूरसारख्या गावात तर पिढ्यान्‌पिढ्या खरा प्रश्न तोच होता.

हे सगळं डोक्यात यायला कारण आमचा धाकटा पुतण्या. त्याच्याकडे पिकअप आहे. कांद्याच्या दिवसांत आमच्या उपबाजार आवारात नाहीतर लासलगावला, आणि भाव बरा असला तर रात्रीतून वाशीला, अशा त्याच्या फेऱ्या चालतात. टायर घासून गुळगुळीत झाले होते, बदलायचेच होते. तो म्हणाला, "नाना, बदलतोच आहे तर एक माप मोठे टाकतो. पावसाळ्यात पाणंदीत गाडी बुडाला टेकते." मी इतिहासाचा मास्तर, मला टायरमधलं काय कळणार? पण विचार करू लागलो, तेव्हा लक्षात आलं की हा प्रश्न माझ्याच विषयातला आहे.

आपल्या भागातल्या चाकाचा जुना पुरावा हवा असेल तर फार लांब जायला नको. प्रवरेच्या काठी दायमाबादला १९७४ साली ब्राँझच्या चार मूर्ती सापडल्या. त्यांत दोन बैल जुंपलेला एक रथ आहे आणि त्याची चाकं भरीव आहेत, आरे नाहीत. गंमत अशी की एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत दख्खनच्या कित्येक गावांत गाडीला असलीच भरीव चाकं असत, काही तर चक्क दगडाची! असली गाडी शेतातून खळ्यापर्यंत जायची, दूरच्या बाजाराला नाही. दूरचा माल बैलांच्या पाठीवरून, वंजाऱ्यांच्या तांड्यांबरोबर जायचा. विंचूरकर सरदारांच्या काळात, म्हणजे विठ्ठल शिवदेव पानिपतावर गेले त्या १७६१ च्या सुमारास, फौजेचं धान्यही मुख्यतः असंच वाहिलं जाई.

पुढे १८३५-३६ च्या सुमारास गेसफर्ड नावाच्या एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने सोलापूर जिल्ह्यात टेंभुर्णीला हलक्या, आऱ्यांच्या चाकांच्या गाड्या बनवण्याचा कारखाना काढला. मला यातली महत्त्वाची वाटते ती वेळ. त्याच सुमाराला दख्खनमध्ये पक्के रस्ते होऊ लागले होते. रस्ता झाला म्हणून हलकं चाक चाललं, आणि हलकं चाक आलं म्हणून रस्त्याचा उपयोग झाला. चाक आणि रस्ता ही जोडी आहे. एकाला सोडून दुसऱ्याचा विचार केला की फसगत ठरलेली. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

माझ्या लहानपणी, साठ सालाच्या आगेमागे, गावात चाकाला धाव चढवायचा दिवस म्हणजे आम्हा पोरांना सर्कसच. सुताराने चाक तयार केलेलं असे. लोहार त्याचा परीघ दोरीने मोजे आणि लोखंडी पट्टीची गोल धाव करी, ती मापापेक्षा किंचित लहान. मग गोवऱ्यांच्या जाळात ती लालबुंद करायची. तापली की पसरते. चार जणांनी सांडशीने उचलून ती चाकावर बसवायची, ठोकायची, आणि लगेच पाणी! चर्रर्र आवाज, वाफेचे लोट. धाव थंड होऊन आवळली की सगळे आरे जागच्या जागी घट्ट.

सगळी विद्या त्या 'किंचित'मध्ये होती. धाव फार लहान झाली तर आरे वाकून चाकाला पोक येई. मोठी झाली तर उन्हाळ्यात लाकूड आटलं की ती सैल पडे. मग गाडी ओढ्याच्या पाण्यात उभी करून ठेवायची, म्हणजे लाकूड फुगून धाव पुन्हा बसे. चाकाची उंचीही मनाला येईल तशी नसे. मोठं चाक खड्ड्यात कमी अडकतं हे खरं, पण आस वर गेला की जू बैलांच्या खांद्याशी जुळत नाही. म्हणजे चाकाचं माप रस्त्यावर, ओझ्यावर आणि ओढणाऱ्याच्या खांद्यावर ठरायचं.

या लोखंडी धावेचा एक दोष होता. ती अरुंद असल्याने खडीचे रस्ते कापत जायची. मोटारी वाढल्या तशी रस्त्यांची ओरड वाढली. १९२७ साली सरकारने एक समिती नेमली, तिचे अध्यक्ष आपले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. तिच्या अहवालातून मध्यवर्ती रस्ते निधी आला आणि पुढे १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस ही अभियंत्यांची संस्था उभी राहिली. बैलगाडीला रबरी टायर लावला तर रस्ता वाचेल, हा विचार त्याच काळातला.

आता रबरी टायरची गोष्ट. हवेच्या टायरचं पहिलं पेटंट १८४५ सालचं, रॉबर्ट टॉमसन या स्कॉटिश माणसाचं. पण ते विस्मरणात गेलं. १८८८ मध्ये बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलॉपने आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी तो पुन्हा शोधून काढला. डनलॉप व्यवसायाने काय होता? जनावरांचा डॉक्टर! त्याच्या नावाच्या कंपनीने १९३६ मध्ये बंगालमध्ये हुगळीकाठी साहागंजला कारखाना काढला आणि बैलगाडीचे टायरही बाजारात आणले. टायरगाडीला कित्येक ठिकाणी 'डनलॉप'च म्हणत. बैलांच्या खांद्याचे हाल कमी करणारं चाक एका पशुवैद्याच्या नावाने ओळखलं जावं, हा योगायोग मला फार आवडतो.

पण खरंच हाल कमी झाले का? इथे मला थांबावंसं वाटतं. ओझ्याच्या जनावरांसंबंधी केंद्र सरकारचे १९६५ चे नियम आहेत. लहान बैलाने ओढायच्या दोनचाकी गाडीला हवेचे टायर नसतील तर ५०० किलो, असतील तर ७५०, आणि बॉल बेअरिंग असतील तर १,००० किलो, अशी मर्यादा त्यांत दिली आहे. हिशेब सरळ आहे: चाक सुधारलं, की ओझं वाढलं. बैलाच्या वाट्याला आराम आलाच नाही, त्याचे किलो झाले. आमच्याकडे निफाड-रानवडच्या साखर कारखान्यांकडे जाणाऱ्या उसाच्या टायरगाड्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे सांगायला नको. बंगळूरच्या व्यवस्थापन संस्थेचे पहिले संचालक प्रा. एन. एस. रामस्वामी यांनी बैलगाडीच्या सुधारणेसाठी आयुष्यातली कित्येक वर्षं खर्ची घातली, ती याच कळकळीने.

आणि आणखी एक. टायरगाडीचं चाक जुन्या लाकडी चाकापेक्षा लहान होतं. म्हणजे सुधारणा 'मोठ्या' चाकाने झाली नाही, 'योग्य' चाकाने झाली.

बैल गेले, पिकअप आल्या. २००० साली बोलेरो आली, २००५ मध्ये टाटांचा 'छोटा हत्ती' आला, आणि बाजार समितीत बैलगाड्यांची जागा ट्रॅक्टर आणि पिकअपनी घेतली. आता आवक मोजतात तीही 'इतके नग' म्हणून, नग म्हणजे वाहन.

तर पुतण्याच्या टायरकडे वळू. त्याच्या जुन्या टायरवर २१५/७५ आर १५ असं माप होतं. त्याला हवा होता २३५/७५ आर १५. मी त्याला वही-पेन्सिल घेऊन बसवलं. पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा, बाजूची उंची रुंदीच्या किती टक्के. 'आर' म्हणजे रेडियल, आणि शेवटचा आकडा रिमचा व्यास, इंचांत. (एकाच टायरवर मिलिमीटर, टक्के आणि इंच, गणिताच्या मास्तरांनी पाहिलं असतं तर छडीच घेतली असती.) पंधरा इंच म्हणजे ३८१ मिलिमीटर. त्यात बाजूची उंची दोनदा मिळवायची. जुन्याचा व्यास आला ७०३.५, नव्याचा ७३३.५. फरक ३० मिलिमीटर, म्हणजे सव्वाचार टक्के.

आता मिळकत बघा. व्यास ३० ने वाढला, पण गाडी वर उचलली जाणार त्याच्या निम्मी, १५ मिलिमीटर. बोटाच्या एका पेराएवढीही नाही! पाणंदीतला चिखल वीतभर. आणि खर्च? स्पीडोमीटर ६० दाखवेल तेव्हा गाडी साडेबासष्टने पळत असेल. चाकाचा घेर वाढला की तेवढीच ताकद जमिनीवर सुमारे चार टक्के कमी पोचते, म्हणजे चांदवडपुढचा राहुड घाट भरल्या गाडीने चढताना जाणवणारच. ब्रेकनाही तेवढंच जास्त काम, आणि वाशीला जाताना कसारा घाट उतरायचा आहे. रुंदी २० मिलिमीटरने वाढली, तेव्हा भरलेली गाडी खाली बसल्यावर पूर्ण वळणावर टायर मडगार्डला घासत नाही ना, हे पाहायला हवं. शिवाय स्टेपनी जुन्याच मापाची राहून चालत नाही, ती पाचवी.

कायद्याचंही एक आहे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ठामपणे सांगितलं. म्हणून ते माप गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं आहे का, हे आधी बघायचं. उद्या काही झालं तर विमावाले पहिली हरकत तिथेच घेतील.

एवढं झाल्यावर तो जरा गप्प बसला. मग हळूच म्हणाला, "नाना, खरं सांगू का? मोठ्या टायरवर दहा गोण्या जास्त बसतील असं वाटलं होतं."

मला त्याचा राग आला नाही. गाडीचे हप्ते आहेत, डिझेल आहे, आणि कांद्याचा भाव आज काय, उद्या काय. दहा गोण्या म्हणजे एका फेरीचा डिझेलखर्च थोडा हलका. पण तेच ते १९६५ च्या नियमातलं गणित! चाक सुधारलं की ओझं वाढवायचं. फरक एवढाच, की आता खांदा बैलाचा नाही. मागचे पाटे, आस, ब्रेक, आणि रात्री दोन वाजता स्टिअरिंगवर बसलेल्या पोराचे डोळे, हेच आता बैल. टायर बदलून त्यांतलं काहीही बदलत नाही.

शेवटी त्याने मूळ मापाचेच टायर घेतले, पण भार पेलण्याचा आकडा आणि नक्षी बघून. मापाशेजारी हा आकडा असतो. १०० असेल तर एका टायरला ८०० किलो, १०८ असेल तर १,०००. पण मोठा आकडा टायरची मजबुती सांगतो, गाडीची क्षमता नव्हे. ती नोंदणी पुस्तकातच बघायची. खोल नक्षीचा टायर चिखलात जी मदत करतो, ती पंधरा मिलिमीटर उंचीने मिळत नाही. घेताना बाजूवरचे चार अंकही वाचावेत: ३२२४ म्हणजे २०२४ च्या बत्तिसाव्या आठवड्यातला. आणि नक्षी १.६ मिलिमीटरवर आली की टायर काढायचाच, नियमच आहे तसा.

राहिली पाणंद. त्यावर उपाय टायरच्या दुकानात नाही. शेतरस्त्यांसाठी २०२१ मध्ये राज्य सरकारने मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आणली. तिच्यासाठी ग्रामपंचायतीत ठराव करायचा आणि ज्यांचे बांध मध्ये येतात त्यांची समजूत घालायची. हे काम टायर बदलण्यापेक्षा दहापट अवघड, कारण त्यात भाऊबंद येतात. पण गेसफर्डच्या गाडीलाही आधी रस्ता लागलाच होता ना? निम्म्या बांधकऱ्यांना मी शाळेत शिकवलं आहे. त्यांच्याकडे जाऊन बसणं एवढं तरी म्हातारा मास्तर करू शकतो, आणि ते मी सुरू केलं आहे.

असो. लांबलं जरा. तुमच्याकडे धाव चढवताना कुणी पाहिली असेल, किंवा चाकाच्या भागांना तुमच्या भागात वेगळी नावं असतील, तर जरूर लिहा. ते शब्द माहीत असलेली माणसं आता बोटांवर मोजण्याइतकीच उरली आहेत.